चार नंबरची खिडकी

शेरेसाहेबांची बायको दुसऱ्या माणसात गुंतली आहे असा शेरेसाहेबांना संशय आला, आणि पंचाईत अशी की तो दुसरा माणूस म्हणजे शेरेसाहेबच होते. आता तुम्ही म्हणाल, मग तक्रार कसली? समोरच्या फ्लॅटमधले वकीलही हेच म्हणाले. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. परक्या कोणी बायकोला भुरळ घातली, तर तो माणूस नालायक आहे असं म्हणायची तरी सोय असते. इथे तीही नव्हती, कारण तो माणूस शेरेसाहेबांचाच स्वेटर घालून, त्यांचाच जुना चष्मा नाकावर ठेवून, त्यांच्याच टेबलामागे बसत होता.

शेरे हे त्यांचं आडनाव नव्हे. चौतीस वर्षं एका ऑफिसात काढून ते हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, आणि त्या चौतीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एकही कागद शेरा मारल्याशिवाय पुढे सरकला नाही, म्हणून हे नाव. निवृत्तीनंतर ही सवय घरी आली. वाणसामानाच्या यादीवर ते 'साबण मागील महिन्यातही घेतलेला दिसतो, खुलासा व्हावा' असं लिहीत. नातवाने हत्तीचं चित्र काढून पाठवलं, तर त्याखाली 'शेपूट प्रमाणाबाहेर' असा शेरा मारून ते परत पाठवलं होतं. नातवाने त्यानंतर चित्र पाठवलं नाही. साहेबांच्या मते याचा अर्थ प्रकरण निकाली निघालं.

तर झालं असं की त्यांचं ऑफिस नव्या इमारतीत हललं आणि जुन्या इमारतीचा दुसरा मजला रिकामा पडला. तो एका नाटक कंपनीने सहा महिन्यांसाठी घेतला. एक दिवस त्या कंपनीची दिग्दर्शिका शेरेसाहेबांच्या घरी आली. वय असेल तिशीचं, दोन पायांत दोन रंगांचे मोजे. साहेबांनी मोज्यांकडे पाहिलं, पण पाहुणी म्हणून शेरा मारला नाही.

"सर, आमच्या नाटकात स्टेज नसतं," ती म्हणाली. "प्रेक्षक नटांच्या मधून हिंडतो. नाटक त्याच्या अवतीभवती घडतं, कधी कधी त्याच्या एकट्यासोबत घडतं."

"पडदा?"

"नसतो."

"मध्यंतर?"

"तेही नसतं."

"मग आपण नाटकात आहोत हे त्या माणसाला कळतं कशावरून?"

"तेच तर, सर," ती अशी खुलून म्हणाली की साहेबांना आपण काहीतरी मार्मिक बोललो असं वाटून गेलं.

नाटक एका ऑफिसावर होतं. चार खिडक्या, एक अभिलेख कक्ष, आणि त्यातून अर्ज घेऊन फिरणारा प्रेक्षक. चार नंबरच्या केबिनमध्ये हेडक्लार्क. "त्या भूमिकेसाठी आमच्याकडे उत्तम नट आहे," ती म्हणाली, "पण त्याने आयुष्यात कधी कुणाला परत पाठवलेलं नाही. त्याला जमत नाहीये. नव्या इमारतीत चौकशी केली तेव्हा सगळ्यांनी एकमुखाने तुमचं नाव सांगितलं."

आता यात स्तुती किती आणि दुसरं काही किती, हा विचार कुणीही केला असता. साहेबांनी केला नाही. ते सल्लागार झाले. अट एकच घातली, सल्लागाराच्या कुटुंबाला कायमचा पास मिळाला पाहिजे. कायमचा, कोणत्याही प्रयोगाला, कितीही वेळा. ही अट त्यांनी स्वतः, तीनदा सांगून, लेखी करून घेतली. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारी माणसं असतातच, पण तो धोंडा लेखी मागवणारे शेरेसाहेब एकटेच.

तीन आठवडे त्यांनी नटाला शिकवलं. नट चाळिशीचा, दाट केसांचा, आणि आवाज असा की तो नुसतं 'पुढचे या' म्हणाला तरी पुढच्याला बरं वाटावं. साहेबांना पहिल्याच दिवशी तो आवाज खटकला. "इतकं गोड नाही. माणूस उगाच आशेला लागतो," त्यांनी बजावलं. मग त्यांनी शास्त्र सांगितलं. खिडकीशी कुणी आलं की लगेच वर बघायचं नाही, हातातली ओळ पूर्ण करायची. हातात ओळ नसेल तर एक लिहायची. सगळ्या त्रुटी एकदम सांगायच्या नाहीत, एका खेपेला एकच. अर्जाला समास तीन बोटं हवा, अडीच बोटं असेल तर परत. शाई निळी असेल तर काळी का नाही विचारायचं, काळी असेल तर निळी. असे एकेचाळीस नियम त्यांनी टाईप करून दिले आणि दिग्दर्शिकेने ते मोठे करून भिंतीवर लावले. नट सगळं वहीत लिहून घ्यायचा. जाताना म्हणाला, "सर, तुमचा जुना स्वेटर मिळेल का? आणि एखादा चष्मा? माणूस कपड्यांतून सापडतो." साहेबांनी हसत हसत दोन्ही दिलं. आपण काय देतोय याची जाणीव माणसाला देताना होत नाही, ती नंतर होते.

पहिल्या प्रयोगाला साहेब कोपऱ्यात उभे राहिले. दुपारची चारची वेळ. बारा प्रेक्षक आत आले. प्रत्येकाला एक छापील अर्ज मिळाला. वर मोठ्या अक्षरांत 'प्रलंबित काम' आणि खाली सूचना: आपल्या आयुष्यात अडकून राहिलेले एक काम लिहावे. अर्ज एक नंबरला स्वीकारायचा, दोनला छाननी, तीनला पडताळणी, आणि सगळ्यातून पार पडेल त्याने एकट्याने चारच्या केबिनमध्ये जायचं. दार बंद. अकरा मिनिटं. बेल वाजली की बाहेर. आत काय झालं ते कुणाला सांगायचं नाही, हा कंपनीचा नियम. अर्ज फाईलला लागून अभिलेख कक्षात जायचा.

पहिल्या तीन खिडक्यांवर लोक पोट धरून हसले. ते हसताना साहेबांना आधी अभिमान वाटला आणि मग हे नेमके कुणाला हसतायत असा प्रश्न पडला. पण खरा धक्का चार नंबरला बसला. आत जाताना हसणारी माणसं बाहेर येताना डोळे पुसत होती. एक बाई दुसरीला म्हणाली, "किती चांगला माणूस आहे गं आत."

चांगला माणूस. चौतीस वर्षं त्याच केबिनमध्ये, त्याच टेबलामागे, त्याच स्वेटरमध्ये साहेब बसले होते. बाहेर पडणाऱ्या माणसांनी त्यांच्याविषयी बरंच काही म्हटलं होतं, पण हे कुणी म्हटलं नव्हतं. "हे मी शिकवलेलं नाही," ते दिग्दर्शिकेला म्हणाले. "तो नियमबाह्य वागतोय."

"हो ना," ती म्हणाली, "कमाल करतोय."

शनिवारी बायको पास घेऊन गेली. तिने तिन्ही खिडक्या पहिल्या झटक्यात पार केल्या. एकतीस वर्षं साहेबांच्या घरात राहिल्यावर समास किती बोटं सोडायचा हे तिला कुणी सांगायला नको होतं. ती केबिनमध्ये गेली. अकरा मिनिटांनी बाहेर आली तेव्हा साहेब जिन्याशी वाट बघत होते. ती रडली नव्हती, हसतही नव्हती. तिचा चेहरा इस्त्री केल्यासारखा सरळ झाला होता.

"काय झालं आत?"

"सांगायचं नाही असा नियम आहे."

"अगं, मी सल्लागार आहे."

"मग तुम्हाला तर नियम माहीतच असेल," ती म्हणाली आणि जिना उतरायला लागली.

बुधवारी ती परत गेली. पुढच्या शनिवारी परत. मग दर बुधवार आणि दर शनिवार. त्या दिवशी दुपारचं जेवण अर्धा तास आधी व्हायचं आणि तीन वाजता ती आरशासमोर असायची. एकदा साहेबांनी म्हटलं, "मीही येतो." ती म्हणाली, "तुम्ही कशाला? तुमचं बघून झालंय." आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती भांडी लावताना गुणगुणायला लागली. एकतीस वर्षांत साहेबांनी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. ते दाराआड उभे राहून चाल ओळखायचा प्रयत्न करत. चाल ओळखीची नव्हती.

बरं, मत्सर हा असा पाहुणा आहे की एकदा आला की सगळ्या खोल्या वापरतो. साहेबांना नटाच्या केसांचा हेवा वाटू लागला. त्याच्या आवाजाचा वाटू लागला. रात्री कूस बदलताना ते हळूच 'पुढचे या' म्हणून बघत, पण त्यात खोकलाच जास्त यायचा. शेवटी शेवटी त्यांना आपल्याच स्वेटरचा राग यायला लागला, की त्यांच्या अंगावर असताना तो कधी कुणाला आवडला नाही.

एकदा जिन्यात वकील भेटले. वकील निवृत्त होते, त्यामुळे सल्ला फुकट आणि भरपूर द्यायचे.

"अर्ज लेखी आहे ना?" त्यांनी विचारलं.

"लेखी आहे."

"मग काळजी कसली? लेखी आहे म्हणजे पुरावा आहे. फाईल मिळवा. फाईलमध्ये सगळं असतं."

वकिलांच्या बायकोचं मत वेगळं पडलं. ती दारातूनच म्हणाली, "फाईल कसली मिळवताय? तो माणूस तिच्याकडे बघत असेल नीट. तुम्ही कधी बघता का?" मग वकिलांकडे वळून, "हे पण बघत नाहीत," असं म्हणून दार लावून घेतलं. वकील थोडा वेळ जिन्यातच उभे राहिले.

साहेबांनी दोन्ही सल्ले अमलात आणायचं ठरवलं. आधी स्वस्तातला. दुसऱ्या दिवशी बायको भाजी चिरत असताना ते समोर उभे राहिले आणि मान किंचित कलती करून तिच्याकडे बघत राहिले. नट पहिल्या दिवशी असाच बघत होता. पाच मिनिटं झाली.

"काय हवंय?" बायकोने विचारलं.

"काही नाही."

"मग असे काय बघताय? मान अवघडलीय का?"

त्यांनी मान सरळ केली. तरी तिने संध्याकाळी मलम चोळून दिलं, आणि चोळताना ती तेच गाणं गुणगुणत होती. साहेबांनी तो उपाय बंद केला.

मग त्यांनी प्रेक्षक म्हणून आत शिरायचं ठरवलं. चार नंबरपर्यंत पोचायचं आणि त्या माणसाच्या डोळ्यांत डोळे घालून विचारायचं. ते रांगेत उभे राहिले. अर्जावर 'व्यक्तिगत चौकशी' असं लिहिलं. एक नंबरवरच्या मुलीने वर बघितलं नाही. तिने एक ओळ पूर्ण केली, मग अर्ज घेतला, मग त्यावर तीन बोटं ठेवली.

"समास कमी आहे."

"अहो, तीन बोटं आहे."

"तुमची तीन बोटं, सर. नियम माझ्या बोटांचा आहे."

त्यांनी नवा अर्ज लिहिला. दोन नंबरने विचारलं, शाई काळी का. त्यांनी निळं पेन मिळवलं. तीन नंबर म्हणाला, निळी का. "हा काय पोरखेळ आहे," साहेब ओरडले, "हा नियम कुणी केला?" तीन नंबरने अत्यंत अदबीने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे नियम क्रमांक सतरा होता आणि सगळ्यात खाली साहेबांची सही होती. मागच्या रांगेतले लोक टाळ्या वाजवत होते, त्यांना वाटलं हेही नाटकातलंच. प्रयोगाची वेळ संपली. आयुष्यात पहिल्यांदा शेरेसाहेब हातात अर्ज घेऊन ऑफिसाच्या पायऱ्या उतरले, आणि त्यांच्या शेजारून त्यांची बायको शांत चेहऱ्याने उतरत होती.

उरली फाईल. अभिलेख कक्ष सांभाळायला कंपनीने दप्तरीमामांना घेतलं होतं. दप्तरीमामा म्हणजे साहेबांच्याच हाताखाली सव्वीस वर्षं फायली काढून देणारा माणूस. त्यांना नटासारखं काही करावं लागत नव्हतं, ते पूर्वीसारखेच फायली काढायचे आणि आता त्यांना त्याबद्दल टाळ्या पडायच्या. हाही साहेबांना एक त्रासच होता, पण सध्या त्यांनी तो बाजूला ठेवला.

"मामा, जरा एक फाईल बघायचीय," ते सहज आल्यासारखे म्हणाले.

"कोणती, साहेब?"

"तुमच्या वहिनींची."

दप्तरीमामांनी चष्मा पुसला. "मागणीपत्र?"

"मामा, मी आहे."

"दिसतंय ना. पण चार नंबरच्या सहीचं मागणीपत्र लागतं."

"आपली सव्वीस वर्षांची ओळख..."

"त्या ओळखीवरच एकदा दिली होती, साहेब, तुमच्या मेहुण्याला, विनामागणीपत्र. तुम्ही मला मेमो दिला होता. अजून जपून ठेवलाय." मामा जरा थांबले. त्यांना दया आली असावी, किंवा मेमो आठवून दया गेली असावी. "एवढं सांगतो, वहिनींची फाईल चांगली जाड झालीय."

त्या 'जाड' शब्दाने साहेबांची झोप उडाली. नऊ वेळा गेली म्हणजे नऊ अर्ज. एका माणसाचं असं काय अडलेलं असतं की नऊ वेळा अर्ज करावा लागतो? आणि घरात नवरा असताना ते बाहेर का सांगावं लागतं? त्यांनी आयुष्याचा हिशोब मांडून पाहिला. ते बायकोला कधी टाकून बोलले नव्हते, दारू नाही, पत्ते नाहीत, घरी वेळेवर. शेरे मारले असतील, ते सगळ्यांनाच मारले. तिच्या मनात काय होतं ते त्या फाईलमध्ये होतं, आणि ते एका दाट केसांच्या परक्या माणसाने नऊदा वाचलं होतं. नवऱ्याने एकदाही वाचलं नव्हतं. हे त्यांना इतकं लागलं की ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. बायकोने पुन्हा मान बघितली.

बुधवारी सकाळी फोन वाजला. दिग्दर्शिका. नटाने कालपासून अंथरूण धरलं होतं, ताप एकशे तीन. "सर, आजचा प्रयोग तुम्ही कराल? मूळ माणूस तुम्हीच आहात."

साहेबांनी आधी कॅलेंडर बघितल्यासारखं केलं, मान राखायला तेवढं पुरे. मग म्हणाले, "हे तुम्ही आधीच विचारायला हवं होतं." बायकोला त्यांनी वाचनालयात जातो म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "बरं, मीही बाहेर आहे." कुठे, ते साहेबांनी विचारलं नाही. कुठे ते त्यांना माहीत होतं.

केबिनमध्ये दिग्दर्शिकेने स्वेटर त्यांच्या हातात दिला. त्याला दुसऱ्याच साबणाचा वास येत होता. "संवाद वगैरे नाहीत, सर. अर्ज वाचायचा, आणि त्या माणसाचं अडलेलं काम अकरा मिनिटांत जेवढं होईल तेवढं करायचं."

"आणि नाही झालं तर?"

"तर निदान ऐकून घ्यायचं."

हा एकेचाळीस नियमांच्या बाहेरचा मामला होता. पण साहेब म्हणाले, "चिंता नको, अनुभव आहे."

पहिला एक तरुण आला. त्याने लिहिलं होतं, 'भावाशी अबोला सोडणे.' साहेबांनी विचारलं, "विरुद्ध पक्षाचं संमतिपत्र जोडलंय का?" तो बिचारा अकरा मिनिटं खिसे चाचपत बसला. दुसरे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांचा अर्ज: 'वडिलांची माफी मागणे.'

"वडील हयात आहेत?"

"नाहीत."

"मग हा विषय आमच्या कार्यकक्षेत येत नाही."

असं म्हणून झाल्यावर साहेबांना पुढे काय करायचं कळेना. बेल वाजायला अजून आठ मिनिटं होती. ते टाचण्या मोजू लागले. म्हातारे गृहस्थ त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि बेल झाल्यावर उठताना त्यांच्या हातावर हात ठेवून म्हणाले, "तुमचंही बरंच अडलंय असं दिसतं."

आणि मग बायको आत आली.

ती दारातच थबकली, अगदी क्षणभर. साहेबांना वाटलं, आता ही परत फिरणार. पण तिने दार लावून घेतलं, पुढे आली आणि अर्ज टेबलावर ठेवला. "नमस्कार, साहेब," ती म्हणाली. तिच्यामागून दप्तरीमामा फाईल घेऊन आले, कारण जुन्या अर्जदाराचा नवा अर्ज मागील संदर्भासह सादर करावा असा नियम होता, क्रमांक एकोणतीस. मामांनी फाईल ठेवली, साहेबांकडे न बघता पोचपावतीवर सही घेतली आणि गेले.

साहेबांनी फीत सोडली. वरचाच अर्ज उघडला. तिचं अक्षर नेहमीचं, वाणसामानाच्या यादीतलं, गोल आणि स्वच्छ.

प्रलंबित काम: बसणे.

त्यांनी पुन्हा वाचलं. मग खालच्या रकान्यांवरून बोट फिरवलं. किती काळापासून प्रलंबित: एकतीस वर्षे. यापूर्वी कोणाकडे अर्ज केला होता काय: यजमानांकडे, तोंडी, अनेकदा. त्यावर काय निर्णय झाला: 'बस की, कोण नको म्हणतंय' असे म्हणाले व पाणी मागितले.

शेवटी चार नंबरचा शेरा होता, नटाच्या अक्षरात. 'बसवले.'

साहेबांनी दुसरा अर्ज काढला. तोच मजकूर, तोच शेरा. तिसरा. सातवा. नववा. बसवले, बसवले, बसवले. साहेबांनी आयुष्यात हजारो शेरे मारले होते, पण एका शब्दात काम झाल्याचा शेरा त्यांना स्वतःचा एकही आठवेना.

"साहेब," बायको म्हणाली, "बसू?"

"हं? हो. बसा."

ती समोरच्या खुर्चीत बसली. खांद्यावरची पिशवी जमिनीवर ठेवली, चपला काढून पाय मोकळे केले, पाठ टेकली, दोन्ही हात मांडीत सोडून दिले आणि डोळे मिटले. साहेब बघत राहिले. घरी ती खुर्चीच्या कडेला बसायची, निम्मी, हाक आली की उठता यावं म्हणून. पूर्ण खुर्चीत बसलेलं त्यांनी तिला पहिल्यांदाच बघितलं.

"त्या... आधीच्या साहेबांशी काय बोलायचात?" न राहवून त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"मग ते काय बोलायचे?"

"तेही काही नाही. आपले कागद उलटत बसायचे. बरा वाटायचा तो आवाज."

"एवढंच?"

"एवढंच," ती डोळे न उघडता म्हणाली.

साहेबांच्या जिवात जीव आला. नुसती बसायला येते. म्हणजे गुंतली वगैरे काही नाही. नऊ अर्ज, पाच आठवडे, आणि त्यात फक्त एक खुर्ची. त्यांना मोठ्याने हसावंसं वाटलं, पण त्यांनी आवरलं आणि कागद उलटायला घेतले, नटासारखे, हळू. एवढं तर आपल्यालाही जमेल. यात अभिनय तो काय. एक मिनिट झालं, दोन झाली. ती शांत श्वास घेत होती. तीन झाली. साहेबांनी कागद उलटता उलटता आपल्या बोटांकडे बघितलं. नखं वाढली होती. सकाळी ते त्याच कामासाठी सगळं घर धुंडाळून आले होते.

"अगं," ते म्हणाले, "नेलकटर कुठे असतं आपलं?"

"टीव्हीखालच्या खणात, डावीकडे," ती म्हणाली आणि उठली. डोळे उघडायच्या आधी ती उठली होती, एक पाय चपलेत होता, हात पिशवीकडे गेला होता. नेलकटर घरी होतं, घर तीन बसथांबे दूर होतं, तरी ती ते आणून द्यायला उभी राहिली होती.

मग तिला कळलं आपण कुठे आहोत ते. ती तशीच उभी राहिली. साहेबही तिच्याकडे बघत राहिले. भिंतीवरच्या घड्याळात बरोबर चार मिनिटं झाली होती.

"जाऊ दे," ती हळूच म्हणाली. "पुढच्या बुधवारी येईन. तोवर ते परत आलेले असतील."

हे मात्र साहेबांना सहन झालं नाही. त्या नटाबद्दल इतके दिवस काय काय वाटलं होतं, त्याच्या केसांबद्दल, आवाजाबद्दल. ते सगळं आता किरकोळ वाटायला लागलं. खरं दुखणं आता कळलं. तो माणूस खोलीत असताना ती बसू शकत होती. नवरा खोलीत असताना नाही.

"बाई, बसा," साहेब म्हणाले. "तुमची सात मिनिटं शिल्लक आहेत."

"तुम्ही असताना नाही हो जमत," ती म्हणाली. रागाने नाही, एखादी त्रुटी सांगावी तशी.

साहेब उठले. त्यांनी स्वेटर नीट केला, टेबलाला वळसा घातला, बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. आत थोडा वेळ काहीच आवाज नव्हता. मग खुर्ची कुरकुरली.

बाहेर पुढचा प्रेक्षक अर्ज घेऊन उभा होता. त्याने साहेबांच्या स्वेटरकडे बघितलं, चष्म्याकडे बघितलं, आणि गोंधळून विचारलं, "चार नंबरचे साहेब तुम्हीच ना? मग आत कोण आहे?"

"माझी बायको."

"काय करतायत त्या?"

"बसलीय."

"आणि तुम्ही?"

साहेब त्याच्या मागे जाऊन उभे राहिले. "मी रांगेत आहे," ते म्हणाले.